‘कोकणात आत्महत्या होत नाहीत’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. गणपतीला गावी जाणाऱ्या एसटीत, लग्नाच्या पंगतीत, प्रचारसभेत. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणणारच : आमचा कोकणी माणूस बघा, कितीही संकटं येवोत, खचत नाही, हात पसरत नाही. मीही हे बोललोय आणि अभिमानाने बोललोय. ३ जून २०२० नंतर मात्र ते माझ्या तोंडून निघत नाही.

त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन तालुक्यात आमची वीस गुंठ्यांची वाडी आहे. सुपारी, मध्ये मध्ये नारळ, विहिरीच्या अंगाला दोन जायफळं, पोफळींवर, म्हणजे सुपारीच्या झाडांवर, चढवलेली मिरी. वाडी काका बघतो. टाळेबंदीमुळे मी मुंबईत अडकलेला, तिकडे वीज नाही, टॉवर बंद. बाराव्या दिवशी कुठल्याशा टेकडीवर जाऊन त्याने फोन लावला. घर उभं आहे, माणसं धड आहेत, पडवीचे पत्रे गेले, असं सगळं सांगून झालं. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “वाडीत ऊन आलंय रे.”

ज्यांनी पोफळीची वाडी पाहिली नसेल त्यांना या चार शब्दांचा अर्थ सांगायला हवा. भरलेल्या वाडीत मे महिन्याच्या दुपारीही जमिनीवर ऊन पडत नाही, नुसते कवडसे हलत असतात. माझ्या पणज्याने लावलेली झाडं त्यात होती. त्या दिवशी दोन-तीन तासांत सगळी एकाच दिशेला आडवी झाली आणि जिथे काकाने जन्मात ऊन पाहिलं नव्हतं तिथे लख्ख ऊन पडलं.

पंचनामा झाला. बागायतीला हेक्टरी पन्नास हजार रुपये जाहीर झाले होते, म्हणजे आधीच्या दराच्या दुप्पट. हेक्टर म्हणजे ढोबळमानाने शंभर गुंठे. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात हेक्टरभर वाडी असलेला माणूस शोधावा लागेल. बहुतेकांची पाच, दहा, वीस गुंठ्यांचीच. तेव्हा गुंठ्याला पाचशे रुपये. लावलेली पोफळ धरायला सात-आठ वर्षं घेते. पुढे ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचा विचार झाला, तरी मूळ हिशेब तोच राहिला. पण मला इथे पैशांबद्दल तक्रार करायची नाहीये. पंचनाम्याच्या कागदावर घर होतं, गोठा होता, जनावरं होती, झाडं होती. काका त्यात कुठेच नव्हता.

काका त्यानंतर वाडीत जायचा बंद झाला. जो माणूस रोज पहाटे पाट बघायला जायचा, तो ओटीवर बसून राहू लागला. रात्री जरा वारा सुटला की उठून बसायचा. पत्र्यावर नारळाची झावळी पडली तरी दचकायचा. घरात कोणी बोललं नाही तरी चालेल, पण रेडिओ बंद करायचा नाही. काकूने तालुक्याला दवाखान्यात नेलं तर छातीत धडधड, झोप नाही, भूक नाही एवढंच त्याने सांगितलं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रक्तदाब होताच. आणि आमच्याकडचा माणूस मनाचं दुखणं मनाचं म्हणून सांगतच नाही. तो म्हणतो जीव घाबराघुबरा होतो, अंगात ताकद नाही, डोकं जड होतं, जेवणावर वासना नाही. याच्या पुढे गेलं तर एकच शब्द उरतो, तो म्हणजे रत्नागिरी. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि ‘याला रत्नागिरीला न्यायला हवं’ हे कोकणात पिढ्यान् पिढ्या अपमान म्हणूनच बोललं गेलं आहे. साधी गोळी आणि रत्नागिरी, या दोन टोकांच्या मधलं काही आमच्या बोलण्यात नाही आणि सोयीतही नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. कोकणात शेतकरी आत्महत्या कमी आहेत हे खरं धरू. पण त्याचं कारण कोकणी माणसाच्या रक्तात काही वेगळं आहे, हे मला पटत नाही. आमची शेती तुकड्यातुकड्यांची, पोटापुरत्या भाताची, त्यामुळे कापूस-सोयाबीनसारखं मोठं भांडवल घालून कर्जात बुडण्याचा प्रसंग कमी. आणि दुसरं, मोठं कारण म्हणजे मुंबई. शंभराहून अधिक वर्षं कोकणातलं घर एका पायावर गावात आणि दुसऱ्या पायावर गिरणगावात उभं होतं. गावी पीक बुडालं तर मनीऑर्डर यायची. मुंबईत संप झाला तर गावचे तांदूळ यायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी चाकरमान्याचा पगार येत राहिला, मग तो हॉटेलातला असो की सोसायटीच्या गेटवरचा. आम्ही ज्याला कणखरपणा म्हणतो त्यातला बराचसा भाग या दुसऱ्या पायाचा आहे. ‘निसर्ग’ नेमकं टाळेबंदीत आलं तेव्हा दोन्ही पाय एकदम गेले. मुलगा पगार गमावून गावी परतलेला, आणि गावी छप्पर नाही.

तरीही आकडा लहान राहिला. त्या वादळात राज्यात माणसं दगावली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती गोष्ट चांगलीच आहे. हवामान खात्याने आधी सांगितलं, लोकांना हलवलं गेलं. पण मृतांचा आकडा लहान म्हणून दुःखही लहान, असा जो हिशेब मग आपोआप होतो, त्यावर माझा आक्षेप आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा सेविकांनी शेतकऱ्यांच्या घरी जायचं, नैराश्याची लक्षणं दिसतात का ते पाहायचं, गरज असेल त्याला समुपदेशनापर्यंत आणि उपचारांपर्यंत पोचवायचं. कल्पना उत्तम. तो सुरू झाला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त अशा १४ जिल्ह्यांत. त्या जिल्ह्यांना तो मिळाला याबद्दल मनात किंतु असण्याचं कारणच नाही. पण निकष बघा. त्या यादीत समुद्राला लागलेला एकही जिल्हा नव्हता, कारण आमच्याकडे माणसं मरत नव्हती. मदत घरात यायला आधी घरातून प्रेत निघायला हवं, असा त्या निकषाचा अर्थ होतो. आणि आम्ही मात्र ‘आमच्याकडे होत नाहीत’ असं अभिमानाने सांगत त्या निकषावर शिक्का मारत राहिलो.

मच्छीमारांचं तर याहून अवघड. गुन्हेनोंदीच्या राष्ट्रीय अहवालात आत्महत्यांचे तक्ते व्यवसायानुसार येतात. त्यात शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दिसतात. कोळी, भंडारी, दालदी, गाबीत यांचा दर्या त्या तक्त्यात दिसत नाही. एखादा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, खचला तर तो कुठल्या रांगेत मोजला जाईल हे सांगता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांच्या सवलती त्यामुळे मिळतील, असं सांगितलं गेलं. मग शेतकऱ्याच्या मनासाठी जी योजना आहे ती मच्छीमारालाही लागू होते, हे कोणी सांगताना मला दिसलं नाही.

आणि दर्या बदललाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०२१ मधला अभ्यास आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा मुक्काम ८० टक्क्यांनी लांबला. समुद्राचं पाणी तापलं की वादळाला खाद्य मिळतं, एवढं साधं त्यामागचं कारण. वादळं म्हणजे बंगालच्या उपसागरातली, आपल्याकडे नुसतं उधाण, असं आमच्या आधीची पिढी धरून चालायची. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फयान’ आलं तेव्हाही लोक म्हणाले, शंभर वर्षांत एखादं. मग २०१९ मध्ये एका वर्षात अरबी समुद्रात पाच झाली. २०२० मध्ये ‘निसर्ग’. २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’, ज्याने झाडावरचा शेवटचा आंबा नेला, देवगडच्या बंदरात नांगरलेल्या होड्या फोडल्या आणि बॉम्बे हायजवळ बार्ज बुडून कितीतरी कामगार गेले.

वादळ येऊन धडकलं तर निदान ते दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती न धडकणाऱ्या वादळांची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग नारळीपौर्णिमेला सोन्याचा नारळ, दर्याची पूजा, आणि होड्या पाण्यात. ते नारळ अर्पण करणं म्हणजे समुद्राशी केलेला करार होता : आता तू शांत हो, आम्ही येतो. पुढे मार्गशीर्ष-पौषापर्यंतचे दिवस हे खरे कमाईचे. त्याच दिवसांत, २०१९ च्या ऐन दिवाळीत, ‘क्यार’ उठलं आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’. ‘क्यार’ शेवटी पश्चिमेकडे निघून गेलं. पण बंदरावर धोक्याचा बावटा लागला म्हणजे होडी परत फिरवायची. भरलेलं डिझेल गेलं, बर्फ वितळला, खलाशांना दिलेली उचल अंगावर. शेकडो होड्या, परराज्यांतल्यासुद्धा, देवगडच्या बंदरात दाटीवाटीने दिवसेंदिवस उभ्या. काही मोडलं नाही म्हणून पंचनामाही नाही. त्या वेळी मच्छीमार संघटनांनी लावून धरल्यावर वेगळं पॅकेज जाहीर झालं, तेही पुढच्या वर्षी. म्हणजे बुडालेल्या दिवसांचं नुकसान मोजता येतं हे सरकारने स्वतःच एकदा दाखवून दिलं आहे; फक्त तो नियम झाला नाही. २०२५ मध्ये तर २६ मेलाच पावसाने मुंबई गाठली आणि बंदी लागण्याआधीचे जे आठ-दहा दिवस मच्छीमार हक्काचे मानतो, तेही गेले.

दोष इशाऱ्यांचा नाही. इशाऱ्यांनी जीव वाचवले आहेत, ते हवेतच. पण ज्या माणसाला वाऱ्यावरून, ढगावरून, पाण्याच्या रंगावरून दर्या वाचता येत होता, त्याला आता आपलं वाचन चुकतं हे रोज अनुभवायला लागतं. मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली की निघायचं, हे बापाने शिकवलेलं. आता हातात मोबाइल, त्यावर रंगीत नकाशा, आणि निघायचं की नाही याचा निर्णय त्या नकाशाचा. पन्नाशीच्या तांडेलाला आपलं आयुष्यभराचं ज्ञान वीस वर्षांच्या पोरासमोर निरुपयोगी होताना दिसतं. ही जखम पैशाने भरणारी नाही, कारण ती पैशाची नाहीच. किनाऱ्यावर कोळणीचं वेगळं. बोंबील वलांडीवर टांगले, जवळा खळ्यात पसरला, आणि डिसेंबरात पाऊस आला की सगळं किड्यांचं. शेतातल्या पिकासारखा सुक्या मासळीचा पंचनामा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी. घरातला पुरुष अशा वेळी दारूकडे वळतो असं आपण सहज म्हणतो; बाई कुठे वळते हे कोणी विचारत नाही, कारण ती पहाटे टोपली घेऊन बाजारात दिसतेच.

खारेपाटाबद्दल लिहिलं नाही तर हे अपुरं राहील. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या माणसांनी बांध घालून, पाणी सोडायच्या-अडवायच्या उघाड्या बसवून समुद्राकडून जमीन मिळवली आणि त्यात भात पिकवलं. उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजली नाही, की खारं पाणी शेतात. एक वर्ष, दोन वर्षं, मग तिथे कांदळवन उगवतं. कांदळवन तोडता येत नाही, आणि ते तोडावं असं माझंही म्हणणं नाही. उधाणाला तेच अडवतं. पण सातबारावर आपलं नाव, वर्षानुवर्षं कसलेलं शेत, आणि त्यात पाऊल टाकायचीही सोय नाही, अशा बांधावर उभ्या माणसाला काय वाटत असेल? तो विस्थापित झालेला नाही. घर तिथेच, देऊळ तिथेच. त्याची जमीनच त्याच्या पायाखालून दुसरी झाली आहे. मालवणजवळ देवबागला, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टीवर राहणारे लोक दर पावसाळ्यात दगडी बंधाऱ्याकडे बघत रात्री काढतात. चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ नंतर पाऊस वाढला की दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतात, आणि चढवून झाल्यावरही झोपत नाहीत.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला : आधी पोटाचं बघा, मग मनाचं. यात तथ्य आहे, आणि मानसिक आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांनी ते ऐकलं पाहिजे. वाडी गेलेल्या माणसाला रोपं, कर्जाचे हप्ते पुढे ढकलणं आणि वेळेवर पैसे हेच पहिलं औषध. पण भरपाई वर्ष वर्ष लांबणं, प्रत्येक खेपेला तोच अर्ज, तीच रांग, तोच ‘पुढच्या सोमवारी या’ हेदेखील माणसाला आतून खाणारंच असतं. पोट आणि मन अशी दोन खाती वेगळी काढता येत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे : बदलत्या हवामानाने, चुकीच्या बंधाऱ्यांनी, किनाऱ्यावर होणाऱ्या भरावांनी जे दुःख दिलं त्याला तुम्ही आजार म्हणाल आणि गोळ्या द्याल. ही भीती मलाही वाटते. काकाची झोप उडाली यात त्याच्या मेंदूचा दोष नव्हता. वाऱ्याला घाबरणं हे त्या परिस्थितीत शहाणपणाचंच होतं. पण शहाण्या भीतीनेही माणूस झिजतो. आणि तो झिजतोय हे नोंदवलं गेलं नाही, तर ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांना कोणी प्रश्न विचारणार नाही. कागदावर आलं तरच ते नुकसान ठरतं. मग भरपाईचा, बंधाऱ्याचा, भरावाचा वादही त्या कागदाच्या जोरावर करता येतो.

आपल्याला हे नवं नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास झाला होता. ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर वर्ष उलटून गेल्यावर शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ३० टक्के मुलांमध्ये त्या आघाताचा विकार टिकून होता. वर्ष उलटून गेल्यावर, हे महत्त्वाचं. त्या वेळेपर्यंत धान्याच्या गाड्या, ब्लँकेटं, कॅमेरे सगळे परत गेलेले असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच आपत्तीनंतरच्या मानसिक आधारासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. पण ज्या वादळाने टॉवर पाडला त्याच्या रात्री तो क्रमांक लागणार कसा? आणि ज्याने ‘मला मनाचं काहीतरी झालंय’ हे वाक्य आयुष्यात उच्चारलं नाही, तो फोन उचलून अनोळखी माणसाला ते सांगणार कसं?

म्हणून माझी मागणी दाराशी येणाऱ्या माणसाची आहे. पंचनामा नुकसानीच्या आठवड्यात होतो. सहा महिन्यांनी त्याच घरी दुसरी फेरी व्हावी, आणि त्या वेळी झाडं मोजू नयेत, माणसं मोजावीत. झोप लागते का, कामाला जाता का, जेवण जातं का, घरात कोणी बोलेनासं झालंय का. ‘प्रेरणा’ची पद्धत तयार आहे, ती पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत लागू करायला नवा शोध लागत नाही, आत्महत्यांची अट काढायला लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला नैराश्य ओळखता आलं पाहिजे आणि त्याची साधी औषधं त्याच कपाटात मिळाली पाहिजेत, म्हणजे कोणाला ‘रत्नागिरी’चं नाव घ्यावं लागणार नाही. किनाऱ्यावर जमिनीखालून विजेच्या तारा टाकण्याची, निवारे बांधण्याची कामं राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून निघाली आहेत; तीही मी मनाच्या खात्यातच धरतो, कारण ‘निसर्ग’नंतर आठवड्यांमागून आठवडे काळोखात बसलेल्या गावांनी काय भोगलं ते मी ऐकलंय. आणि आशा सेविकेला या कामाचा वेगळा मोबदला द्या. त्या वादळात तिच्याही घराचे पत्रे उडाले होते.

आमच्या गावातल्या आशाताई महिन्यातून एकदा काकाचा रक्तदाब बघायला येतात. एकदा पट्टा सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, “काका, झोप लागते का हो?” काकू सांगते, त्या दिवशी काका दीड तास बोलला. कोणती पोफळ कधी लावली, पहिली कुठली पडली, आवाज कसा होता, ते सगळं. वादळाला तोवर दोन वर्षं होऊन गेली होती. आशाताईंच्या वहीत नाव, वय, रक्तदाब, साखर आणि गोळ्या एवढेच रकाने होते. कुठे लिहावं ते त्यांना कळेना. शेवटी रक्तदाबाच्या आकड्याखाली, उरलेल्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : वाऱ्याची भीती.